जुन्या पत्र्यांची जबाबदारी कोणाची?

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या शहरातील एका कामगार वस्तीत जाण्याचा प्रसंग आला. पाऊस तोंडावर आला होता आणि वस्तीतील आठ-दहा घरांवर छपराची कामे चालू होती. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी घातलेले सिमेंटचे पत्रे काढून त्या जागी रंगीत लोखंडी पत्रे चढवले जात होते. नाक्यावरून आणलेले दोन तरुण बिगारी छपरावर उभे राहून हातोड्याने जुने पत्रे फोडीत होते आणि तुकडे खाली बोळात टाकीत होते. तुकडा पडला की करड्या धुळीचा लोट उठे. ज्यांच्या घराचे काम चालू होते त्या बाई पदर नाकाला लावून खराट्याने ती धूळ गोळा करीत होत्या. बोळाच्या टोकाला चार-पाच मुलांनी त्याच तुकड्यांची लगोरी रचली होती.

मी त्या तरुणांना थांबायला सांगितले. त्यांतला एकजण हसून म्हणाला, ‘काका, सिमेंटची धूळ आहे, तिनं काय होतंय? आम्ही तर रोजच खातो.’ ती नुसत्या सिमेंटची धूळ नाही, त्यात अॅस्बेस्टॉस आहे, हे मी त्याला समजावून सांगितले. त्यावर घरमालकीण बाईंनी मला एकच प्रश्न विचारला: ‘मग हे टाकायचं कुठं, ते सांगा.’ माझ्यापाशी उत्तर नव्हते. प्रभाग कार्यालयात विचारले तेव्हा ‘राडारोड्यात टाका’ एवढेच सांगण्यात आले. संध्याकाळपर्यंत ते तुकडे ओढ्याकाठच्या ढिगावर जाऊन पडले.

हा प्रसंग माझ्या मनाला अधिक लागला त्याला एक कारण आहे. ही वस्ती पूर्वी एकदा आगीत जळाली होती. ताडपत्रीखाली पावसाळा काढणाऱ्या त्या कुटुंबांना पक्के छप्पर मिळावे म्हणून आमच्याच कार्यकर्त्यांनी मोर्चा काढला, धरणे धरले आणि घरटी सिमेंटचे पत्रे पदरात पाडून घेतले. तो विजय म्हणून आम्ही साजरा केला. त्या वेळी त्या पत्र्यात काय आहे, असा प्रश्न आम्ही कोणाला विचारला नाही. ज्यांना ते ठाऊक होते त्यांनी सांगितले नाही. आज ते पत्रे जुने झाले आहेत, झिजले आहेत, उतरू लागले आहेत. म्हणून या प्रश्नाकडे पाठ फिरवण्याचा अधिकार आपल्या चळवळीला नाही, अशी माझी धारणा आहे.

जे ठाऊक होते ते

अॅस्बेस्टॉस हे जमिनीतून निघणारे तंतुमय खनिज आहे. ते जळत नाही, कुजत नाही, उष्णता अडवते आणि सिमेंटमध्ये मिसळले की पातळ पत्र्यालाही बळकटी देते. आपल्या घरांवरील नालीदार सिमेंट पत्र्यात साधारणतः ८ ते १० टक्के पांढरे अॅस्बेस्टॉस असते. उरलेला भाग मुख्यतः सिमेंटचा. पत्रा अखंड असतो तोवर हे तंतू सिमेंटमध्ये घट्ट धरलेले असतात. पत्रा फुटला, कापला, घासला, त्याला भोक पाडले, की ते सुटतात. हे तंतू केसापेक्षा शेकडो पटींनी बारीक असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास नसतो, श्वासातून आत जाताना खोकला येईलच असे नाही. फुप्फुसात खोलवर रुतलेला तंतू शरीराला विरघळवता येत नाही.

त्याचे परिणाम तीन प्रकारचे. पहिला अॅस्बेस्टॉसिस, म्हणजे फुप्फुस आतून वणांनी भरून कडक होत जाणे. हा मुख्यतः वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्यांना होतो. दुसरा फुप्फुसाचा कर्करोग. विडी-सिगारेट ओढणाऱ्यात त्याचा धोका अनेक पटींनी वाढतो. तिसरा मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग. तो तुलनेने थोड्या संपर्कानेही होऊ शकतो आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. हे आजार दहा, वीस, कधी चाळीस वर्षांनी प्रकट होतात. तोवर कारखाना बंद पडलेला असतो, मुकादम बदललेला असतो आणि माणूस गावी परतलेला असतो. तालुक्याच्या दवाखान्यात पुष्कळदा त्याला क्षयाची औषधे दिली जातात आणि मृत्यूच्या दाखल्यावर खरे कारण कधीच येत नाही.

हे सर्व काल-परवा कळले असेही नाही. इंग्लंडमधील रॉचडेल येथील गिरणीत अॅस्बेस्टॉसचे सूत काढणारी नेली केरशॉ ही कामगार स्त्री १९२४ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी वारली. तिच्या फुप्फुसात खनिजाचे कण सापडले आणि वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद झाली. कंपनीने तिच्या कुटुंबाला भरपाई नाकारली. १९३० साली ब्रिटिश सरकारच्या तपासनिसांनी आपला अहवाल दिला आणि पुढच्याच वर्षी तेथे धुळीवर नियंत्रण ठेवणारे नियम झाले. त्याच १९३० च्या दशकात हिंदुस्थानात अॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्याचे उत्पादन उभे राहत होते. १९६० साली दक्षिण आफ्रिकेतील खाण प्रदेशातून मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदले गेले. त्यांतले काही जण खाणीत कधीच उतरले नव्हते, केवळ त्या परिसरात राहिले होते. १९६५ साली लंडनमधील एका अभ्यासाने दाखवून दिले की कामगारांचे धुळीने माखलेले कपडे घरी धुणाऱ्या स्त्रियाही या रोगाला बळी पडतात. म्हणजे घरातल्या धोक्याचे ज्ञानदेखील साठ वर्षांचे जुने आहे.

आपल्याकडे काय झाले? सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी ग्राहक शिक्षण आणि संशोधन केंद्राच्या याचिकेवर ऐतिहासिक निर्णय दिला. कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद किमान चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांतील जी मुदत नंतर संपेल तोवर ठेवावी, असा आदेश दिला आणि बाधितांना एक लाख रुपये भरपाई ठरवली. निर्णय मोठा होता. अंमल मात्र आपल्या परिचयाच्या पद्धतीने झाला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील एका कारखान्याच्या पाहणीत तपासलेल्या १८१ कामगारांपैकी सुमारे २२ टक्क्यांना अॅस्बेस्टॉसिस आढळला. ही पाहणी कामगारांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या डॉक्टरांनी केली होती.

शासनाच्या धोरणातील विसंगती तर डोळ्यांत भरण्यासारखी आहे. आरोग्याच्या कारणासाठी सरकारने १९८६ पासून अॅस्बेस्टॉसचे नवे खाणपट्टे देणे थांबवले आणि १९९३ पासून जुन्या पट्ट्यांचे नूतनीकरणही बंद केले. म्हणजे हे खनिज आपल्या भूमीतून काढणे घातक, हे मान्य झाले. परंतु तेच खनिज रशिया, कझाकस्तान, ब्राझील येथून जहाजाने आणून आपल्या माणसांच्या डोक्यावर चढवणे मात्र आजही कायदेशीर आहे. इंग्लंडने १९९९ साली, जपानने टप्प्याटप्प्याने, शेजारच्या नेपाळने २०१५ साली त्यावर बंदी घातली. कॅनडाने स्वतःच्या देशात वापर जवळजवळ थांबल्यावरही कित्येक वर्षे ते आपल्याला विकले आणि अखेर २०१८ साली बंदी आणली. २००६ साली फ्रान्सची ‘क्लेमान्सो’ ही युद्धनौका अॅस्बेस्टॉससह अलंगला तोडण्यासाठी येत होती. जगभर ओरड झाल्यावर फ्रान्सच्या अध्यक्षांनी ती परत बोलावली. त्या नौकेला परत पाठवू शकणाऱ्या देशात वस्ती-वस्तीतून तेच द्रव्य हातोड्याने फोडले जाते आणि कोणाची झोप मोडत नाही.

घाबरायचे किती?

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण अर्धवट माहितीचा गैरफायदा घेणारे पुष्कळ असतात. घरावर अखंड, न फुटलेला सिमेंट पत्रा आहे म्हणून त्या घरात राहणारी माणसे उद्या आजारी पडतील, असे नाही. चांगल्या स्थितीतील पत्रा शांतपणे जागच्या जागी असू देणे हेच बहुतेक वेळा अधिक सुरक्षित असते. ‘तुमच्या छपरात विष आहे, लगेच घरे रिकामी करा’ असे सांगत कोणी बिल्डरचा माणूस वस्तीत आला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. भीती पसरवून गरिबाचे छप्पर काढून घेणे हा आपला कार्यक्रम असू शकत नाही. तथापि सुरक्षित अशी किमान मर्यादा या तंतूंच्या बाबतीत सापडलेली नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून धूळ जितकी कमी उडेल तितके बरे, हे एकच सूत्र ध्यानात ठेवावे. पुढचे सर्व नियम या एका सूत्रातून निघतात.

घरात हे द्रव्य केवळ छपरातच असते असेही नाही. जुने सिमेंटचे पन्हळ आणि सांडपाण्याचे नळ, छपरावरील सिमेंटची पाण्याची टाकी, शौचालयाच्या आडोशाचे सपाट पत्रे, जुन्या भट्टीभोवतीची दोरी, इस्त्रीच्या टेबलावरील जाड पांढरा तुकडा, शाळेच्या प्रयोगशाळेत दिव्यावर ठेवायची पांढऱ्या गोलाची जाळी, हे सगळे त्याच कुळातले असू शकते. यांपैकी सिमेंटचे पत्रे आणि नळ तुलनेने घट्ट असतात. दोरी, गादी, नळांवरचे मऊ वेष्टण हे मात्र हाताने चुरगळते आणि त्यातून तंतू फार सहज सुटतात. असे मऊ द्रव्य घरगुती पातळीवर कोणीही काढू नये. नुसत्या नजरेने सिमेंट पत्र्यात अॅस्बेस्टॉस आहे की नाही हे ठरवता येत नाही. जुना पत्रा असेल तर आहे असे धरूनच चालावे.

काय करू नये, काय करावे

पहिली गोष्ट, जो पत्रा राहणार आहे त्याला दुखवू नये. पंख्याचा हूक, अँटेना, वायर यांसाठी त्याला भोके पाडू नयेत. शेवाळ काढण्यासाठी तारेचा ब्रश किंवा दाबाच्या पाण्याचा फवारा मारू नये. त्याने वरचे सिमेंट जाते आणि तंतू उघडे पडतात. लहान तडा असेल तर तो ओला करून, न घासता, वरून लेप देऊन बंद करावा. पृष्ठभाग झिजला असेल तर त्यावर जाड रंगाचा हात देता येतो, पण त्याआधी कोरडे खरवडणे टाळले पाहिजे. आणि गळती पाहण्यासाठी म्हणून पत्र्यावर थेट पाय कधीच देऊ नये. जुना सिमेंट पत्रा माणसाचे वजन पेलत नाही. असे छप्पर फुटून खाली पडणारे मजूर तत्काळ जिवाला मुकतात. कर्करोगाची वाट पाहण्याची पाळी त्यांच्यावर येत नाही. आडव्या फळ्या टाकून, आधारावरूनच काम केले पाहिजे.

दुसरी गोष्ट, पत्रा काढायचाच असेल तर तो अखंड काढावा. कामाच्या आधी मुले, वृद्ध आणि शेजारी यांना तेथून दूर पाठवावे. दारे-खिडक्या बंद कराव्यात. घरातील भांडी, अंथरुणे, धान्य झाकावे किंवा बाहेर न्यावे आणि खाली जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरावे. बादलीभर पाण्यात थोडी साबणाची पावडर घालून त्या पाण्याने पत्रा दोन्ही बाजूंनी हलक्या धारेने भिजवावा. साबणामुळे पाणी आत मुरते. मग हूक आणि बोल्ट सोडवावेत. गंजलेला बोल्ट सुटत नसेल तर बोल्ट कापावा, पत्रा फोडू नये. पत्रा दोघा-तिघांनी धरून हातोहात खाली उतरवावा, वरून टाकू नये. करवत, ग्राइंडर, हातोडा ही तीन हत्यारे या कामात नकोतच.

तिसरी गोष्ट माणसाच्या श्वासाची. नाकाला बांधलेला रुमाल, पदर, करोनाच्या काळातील निळा पातळ मास्क, यांनी हे तंतू अडत नाहीत. एफएफपी-३ या दर्जाचा किंवा त्याच तोडीचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा. दाढी असेल तर तो नीट बसत नाही. कामाचे कपडे वेगळे असावेत. काम संपल्यावर ते झटकू नयेत. ओल्या फडक्याने पुसून, भिजवून, घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत. शक्य असेल तर ते टाकूनच द्यावेत. तसल्या कपड्यांनी घरी जाऊन मुलाला उचलून घेऊ नये. काम चालू असताना विडी, तंबाखू, चहा काही नको.

चौथी गोष्ट स्वच्छतेची. खराटा आणि झाडू यांनी कोरडी धूळ झाडणे ही आपल्याकडील सर्वांत मोठी चूक आहे आणि ती बहुधा स्त्रियांच्या वाट्याला येते. जमीन भिजवावी, तुकडे हाताने उचलावेत, उरलेली माती ओल्या फडक्याने टिपावी आणि ते फडकेही त्याच पिशवीत टाकावे. घरातील साधा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये; तो बारीक तंतू मागच्या बाजूने हवेत परत फेकतो.

पाचवी गोष्ट बांधणीची. ओले पत्रे जाड प्लास्टिकच्या दुहेरी आवरणात गुंडाळून चिकटपट्टीने बंद करावेत. तुकडे आणि फडकी दुहेरी पिशवीत भरावीत. वर ठळक अक्षरांत ‘धोका – अॅस्बेस्टॉस, फोडू नये’ असे लिहावे. ते जाळू नयेत. तंतू जळत नाहीत आणि सिमेंट पत्रा आगीत फुटून उडतो. ते बांधावर, रस्त्याच्या भरावात, अंगणात, गोठ्याच्या जमिनीत घालू नयेत. इटलीतील कासाले मोन्फेर्रातो या गावात कारखान्यातील भुसा लोकांना फुकट मिळे. त्यांनी तो अंगणात पसरला, माळ्यावर घातला. त्या गावातील मेसोथेलिओमाचे मृत्यू आजही थांबलेले नाहीत आणि मरणाऱ्यांत कारखान्याचे दारही न पाहिलेली माणसे आहेत.

गुंडाळले, पुढे काय?

येथवर मी लिहिले ते एखाद्या सुशिक्षित, पैसेवाल्या कुटुंबाला करता येईल. पण त्या वस्तीतील बाईंचा प्रश्न तसाच उभा आहे: हे टाकायचे कुठे?

कायद्याची पुस्तके उघडली तर मोठी मौज दिसते. २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या यादीत अॅस्बेस्टॉसच्या उत्पादनातून निघणारा कचरा आहे. कारखान्याने तो बांधून, नोंद करून, अधिकृत केंद्रात पुरला पाहिजे. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे घातक कचऱ्याची अशी केंद्रे आहेत. पण ती उद्योगांसाठी उभी राहिली. चार पत्रे घेऊन एखादी मोलकरीण तेथे जाऊ शकत नाही. त्याच वर्षी घनकचऱ्याचे नियम आले. त्यांत ‘घरगुती घातक कचरा’ म्हणून रंगाचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या, ट्यूबलाइट, बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधे, फुटलेले थर्मामीटर, सुया अशी नावे दिली होती. सिमेंटच्या पत्र्याचे नाव त्या यादीत नव्हते. म्हणजे कारखान्याच्या दारात जे द्रव्य घातक, तेच गरिबाच्या छपरावरून उतरले की निनावी.

मोजदादीचीही तीच कथा. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे १६ टक्के घरांचे छप्पर पत्र्याचे नोंदले गेले, पण तो रकाना ‘लोखंडी, धातूचे व अॅस्बेस्टॉसचे पत्रे’ असा एकत्र होता. अॅस्बेस्टॉसची घरे किती, हे सरकारने मोजलेच नाही. जे मोजले जात नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूदही होत नाही.

याचा भार अखेर कोणावर पडतो ते पाहा. नाक्यावरच्या मजुरावर, ज्याचा विमा नाही आणि ज्याच्या आरोग्याची नोंद चाळीस वर्षे ठेवणारा मालकच नाही. भंगारवाल्यावर. राडारोड्याचा ढीग उपसणाऱ्या कचरावेचक स्त्रीवर. पालिकेचे पथक बुलडोझर लावून झोपड्या पाडते, तेव्हा पत्र्यांचा तेथेच चुरा होतो आणि बेघर झालेली माणसे त्या चुऱ्यातून आपली भांडी वेचतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, त्या वेळी घरांची छपरे उडाली आणि गावेच्या गावे कौलांच्या व पत्र्यांच्या तुकड्यांनी भरली. मदतीला धावलेल्या आपल्या कार्यकर्त्यांनी तो ढिगारा उघड्या हातांनी, उघड्या नाकाने उपसला. त्यांच्या सेवाभावाबद्दल आदर आहेच, पण पुढच्या वादळात तरी आपण शहाणे व्हायला हवे.

तीन आक्षेप

कार्यकर्त्यांशी बोलताना तीन आक्षेप ऐकू येतात. पहिला असा की, लोकांना पाणी नाही, रेशन नाही, काम नाही. तेथे या सूक्ष्म तंतूंचे काय घेऊन बसलात? हा आक्षेप मला मान्य नाही. गरिबाला एकच दुःख एका वेळी होते, असे कोठे आहे? सफाई कामगाराचे आरोग्य, खाणकामगाराची छाती, विडीकामगार स्त्रीचा खोकला हे प्रश्न आपणच सार्वजनिक केले. तेही प्रारंभी किरकोळच वाटले होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बंदीची मागणी केली तर पत्र्याच्या कारखान्यातील कामगारांचे काय? काही कामगार संघटनाही याच भीतीने गप्प राहतात. पण तंतुसिमेंटचे पत्रे अॅस्बेस्टॉसशिवायही बनतात. त्यासाठी लाकडाच्या लगद्याचे आणि कृत्रिम धाग्यांचे तंतू वापरले जातात आणि जगातील अनेक देशांत आज तेच चालते. कारखाने बंद करण्याची गरज नाही, कच्चा माल बदलण्याची गरज आहे. तो बदल कामगाराच्या पगारातून नव्हे, नफ्यातून झाला पाहिजे, एवढीच आपली अट असावी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा अॅस्बेस्टॉसविषयक करार १९८६ सालचा आहे. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदीचा आदेश देण्यास नकार दिला आणि हा धोरणाचा प्रश्न सरकारकडे सोपवला. धोरणाचा प्रश्न म्हणजे राजकारणाचा प्रश्न, आणि म्हणूनच तो आपला प्रश्न आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा. एवढे पत्रे उतरवणार कोण आणि खर्च कोणाचा? याचे उत्तर इतर देशांत शोधता येते. दक्षिण कोरियात १९७० च्या दशकात ग्रामसुधारणेच्या सरकारी मोहिमेत गवताची छपरे काढून अॅस्बेस्टॉसची छपरे घालण्यात आली. आमच्या मोर्चाने मिळवलेल्या पत्र्यांसारखीच ती कथा. २००९ साली तेथे पूर्ण बंदी आली आणि त्यानंतर सरकारने ती छपरे उतरवण्यासाठी अनुदान देणे सुरू केले. ज्या शासनाने छप्पर चढवले त्यानेच ते उतरवण्याचा भार उचलला. पोलंडने २००९ ते २०३२ असा दीर्घ मुदतीचा कार्यक्रम आखला. गावोगावच्या पालिकांनी घरांची नोंद केली आणि जुने पत्रे काढून नेण्याच्या खर्चाला सार्वजनिक पैसा दिला. या कार्यक्रमांतही उणिवा आहेत. नव्या छपराचा खर्च पेलत नाही म्हणून पुष्कळ गरीब घरे मागे राहतात. ती उणीव आपण आपल्या मागणीत आधीच भरून काढली पाहिजे.

आपल्याला काय करता येईल?

म्हणून माझी सूचना अशी आहे की, येत्या पावसाळ्याच्या आत प्रत्येक शहर समितीने एका वस्तीपुरते तरी हे काम हाती घ्यावे. घराघरांत जाऊन कोणत्या छपरावर सिमेंटचा पत्रा आहे, त्याची स्थिती काय, हे वहीत उतरवावे. जनगणनेने जे मोजले नाही ते आपण मोजू. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुरांची सकाळी अर्ध्या तासाची सभा घेऊन पत्रा भिजवून, अखंड कसा उतरवायचा, हे प्रत्यक्ष दाखवावे. मास्कांची एक पेटी आणि प्लास्टिकची गुंडाळी समितीच्या कार्यालयात ठेवावी.

त्याचबरोबर पालिका आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्याकडे चार मागण्या लावून धराव्यात. एक, घरगुती अॅस्बेस्टॉस विनामूल्य उचलण्याची सोय. ठरावीक दिवशी पालिकेची गाडी वस्तीत यावी आणि बांधलेले पत्रे थेट घातक कचऱ्याच्या केंद्रात जावेत. दोन, लहान गावांसाठी तालुका पातळीवर नोंद ठेवलेली, कुंपण घातलेली साठवणीची जागा. तीन, घरे पाडण्यापूर्वी पत्रे अखंड उतरवण्याची सक्ती, मग पाडणारा बिल्डर असो की पालिका. चार, नव्या छपरासाठी अनुदान, आणि सरकारी घरकुले, शाळा, अंगणवाड्या यांत अॅस्बेस्टॉसचा एकही नवा पत्रा नको. हा खर्च कोठून येईल, असे विचारले तर आयात होणाऱ्या अॅस्बेस्टॉसवर कर बसवा, असे सांगावे.

पुण्यातील कचरावेचक स्त्रियांनी या बाबतीत आपल्याला एक धडा घालून दिला आहे. १९९३ साली त्यांची कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे त्यांच्या सहकारी संस्थेने घरोघर सांगितले की, वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल टिंब काढा, म्हणजे आमचे हात त्यात पडणार नाहीत. मागणी साधी होती. तुमच्या कचऱ्याला हात लावणारे माणूस आहे, एवढेच त्या सांगत होत्या. जुन्या पत्र्याच्या गाठोड्यावरही तसेच काही लिहिले जाईल, तेव्हा ते वाचणारी व्यवस्था पलीकडे उभी असली पाहिजे. ती उभी करणे हे आपले काम आहे.

त्या वस्तीत मी पुन्हा गेलो होतो. बोळ धुतलेला होता आणि नवे निळे पत्रे उन्हात चमकत होते. शेजारच्या घराचे काम पुढच्या महिन्यात आहे. या खेपेस बाईंच्या प्रश्नाला निदान अर्धे उत्तर घेऊन जायचे आम्ही ठरवले आहे. पत्रे भिजवून, अखंड उतरवून, गुंडाळून आम्ही ते पालिकेच्या कार्यालयासमोर नेऊन ठेवणार आहोत आणि सोबत मागण्यांचे निवेदन देणार आहोत. ज्या चळवळीने ते पत्रे चढवले, तिने ते सन्मानाने आणि सुरक्षितपणे खाली उतरवले पाहिजेत.